ग्रंथालयाचा कार्यभार आणि वर्ग दोन्ही माझ्याकडे आहेत. वेब साधनं शिकायला सुरुवात कुठून करू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पन्नाशी जवळ आलीय, सोलापुरातल्या अनुदानित हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवता, ग्रंथपालाचं पद रिक्त म्हणून ग्रंथालयही गळ्यात पडलंय. प्रशिक्षणात एका दुपारी डझनभर ॲपची नावं सांगितली, आता त्यातलं काय धरू नि काय सोडू? आणि एखादा प्रमाणपत्राचा कोर्स करू का?

मीही सोलापुरातच शिकवते आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्याही पर्समध्ये असतात, म्हणून स्पष्ट लिहिते. ती यादी बाजूला ठेवा. वर्गात किंवा कपाटापाशी तुमचं रोज जिथे अडतं ते आधी ठरवा आणि तेवढ्यापुरतं एकच साधन शिका.

प्रशिक्षणात डिसले गुरुजींचं नाव निघालंच असेल. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. सगळे त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडबद्दल बोलतात. पण मुलं घरी कन्नड बोलतात आणि पुस्तक त्यांच्या भाषेत नाही, ही अडचण त्यांनी आधी ओळखली आणि त्यासाठी स्वतः कन्नड शिकले. हा भाग प्रशिक्षणाच्या स्लाइडवर सहसा येत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर यंत्रमागाच्या पाळीला जातो. आई विड्या वळत बसलेली. फोन घरी येईपर्यंत मुलं झोपलेली असतात. त्यामुळे ‘घरी लिंक उघडून बघा’ हा प्रकार मी बंद केलाय. फोन फक्त शिक्षकाकडे असला तरी चालेल, अशीच साधनं निवडते.

त्यातलं पहिलं प्लिकर्स नावाचं प्रश्नोत्तरांचं ॲप. प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड द्यायचं. त्यावर क्यूआरसारखी काळी चौकट छापलेली असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपण प्रश्न विचारायचा, मुलांनी आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, आणि आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून संथपणे फिरवायचा. कोणाचं उत्तर काय, ते लगेच पडद्यावर दिसतं. प्रत्येकाची चौकट वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याच्या कार्डाकडे बघून काही कळत नाही. कधीच हात वर न करणाऱ्या मुलींचं उत्तर मला पहिल्यांदा इथे दिसलं. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला चौकट वाचता येत नाही. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, आणि काळ्या भागावर बोट ठेवायचं नाही हे मुलांना बजावून सांगा. फुकट खात्याला मर्यादा आहेत, पण तासाच्या शेवटी चार-पाच प्रश्न विचारायला ते पुरतं. इतिहासाला छान. मराठीला व्याकरणापुरतं वापरा, कवितेचं रसग्रहण चार पर्यायांत बसत नाही.

आता ग्रंथालय. माझ्या मते तुम्ही सुरुवात इथूनच करावी, कारण इथे केलेलं काम पुढच्या वर्षीही उपयोगी पडतं. दाखल नोंदवहीत पुस्तक असतं, पण कोणत्या कपाटात ते फक्त शिपाईमामांना ठाऊक. गूगल शीट उघडा आणि सहा रकाने करा: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, विषय, कपाट-खण, शेरा. बस्स. ग्रंथालयासाठीची तयार सॉफ्टवेअरही आहेत, फुकट मिळणारं कोहा आहे, एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, पण ती बसवायला आणि सांभाळायला माणूस लागतो. यादी शीटवर नीट झाली की पुढेमागे तीच त्यांत चढवता येते.

टंकन युनिकोडमध्येच करा, म्हणजे मजकूर कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर मराठीच दिसतो. शाळेच्या कॉम्प्युटरवर आधीच्या कुणी केलेली यादी असेल तर ती बहुधा श्रीलिपी नाहीतर शिवाजी फाँटमधली असणार. शीटमध्ये चिकटवली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हटकून बिघडतात, तेव्हा ओळ न् ओळ डोळ्याखालून घालावी लागते. फोनच्या कीबोर्डवर माईक दाबून मराठीत बोललं तर लिहून येतं. नववीचा एक मुलगा पुस्तकाचं नाव वाचतो, दुसरा चुका दुरुस्त करतो, काम झपाट्याने होतं. लेखकाचं आडनाव आधी, हा नियम पहिल्या ओळीपासून पाळा. आणि एक छुपा त्रास सांगते: ‘ॲ’ हे अक्षर एका कळीने येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही येतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं पुस्तक सापडेलच असं नाही. कोणती तरी एकच पद्धत ठरवून टाका.

शीटची लिंक वाटताना मुलांना फक्त बघण्याची परवानगी द्या, संपादनाची नको. तिचा क्यूआर ग्रंथालयाच्या दारावर लावायचा असेल तर क्रोमच्या शेअरमधूनच तयार करा. फुकट क्यूआर देणाऱ्या काही साइट मध्ये स्वतःची लिंक घुसवतात आणि चाचणीची मुदत संपली की कोड मरतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच नियमांत चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा हा. मधल्या सुट्टीच्या पंधरा-वीस मिनिटांत पुस्तक हातात पडणार की नाही, शाळेत एवढाच त्याचा अर्थ.

वर्ग आणि ग्रंथालय जोडायला सोलापूरच्या चार हुतात्म्यांसारखा विषय नाही. पुतळ्यावरून मुलं रोज जातात. १९३० चा सोलापुरातला मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. अर्ध्या वर्गाला कपाटातली पुस्तकं द्या, अर्ध्याला कॉम्प्युटरवर शोधायला लावा, मग दोन्ही टिपणं शेजारी ठेवा. कुरबान की कुर्बान, हुसेन की हुसैन, श्रीकिसन की श्रीकृष्ण, लिहिण्याची पद्धत बदलली की शोधाचे निकाल बदलतात, हे मुलांना स्वतःहून कळतं. मग विचारा, नेटवरच्या त्या पानाने माहिती कुठून घेतली ते लिहिलंय का? या एका प्रश्नावर अख्खा तास जातो, जाऊ द्या. नेट नसेल तर किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. घरून मराठी विकिपीडियाची फाइल पेनड्राइव्हवर न्या, ती नेटशिवाय उघडते.

मुलांच्या नावाने खाती मात्र उघडू नका. गूगलच्या स्वतःच्या खात्याला वय तेरा लागतं, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. प्लिकर्समध्ये नावांऐवजी हजेरी क्रमांक घाला. गूगल फॉर्म वापरलात तर ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा बंद ठेवा, नाहीतर तो प्रत्येकाला लॉगिन मागतो.

कोर्सचं म्हणाल तर हौस असेल तर करा, वरच्या कुठल्याही कामाला तो लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी एकच कपाट घ्या, शक्यतो गोष्टींच्या पुस्तकांचं, कारण मागणी त्यालाच असते.