रहस्यपट, थरारपट की गुन्हेपट?

लातूरहून आलेला प्रश्न असा: आडत दुकानातल्या मुनिमाच्या खुनावर २२ मिनिटांचा लघुपट तयार आहे. खून कोणी केला ते तिसऱ्याच मिनिटाला दिसतं. पुढं सगळा वेळ तो माणूस वह्या-पावत्या बदलून पोलिसांना चुकवत राहतो. पोस्टरवर 'रहस्यपट' छापावं, 'थरारपट' की 'गुन्हेपट'?

'थरारपट' छापा. 'रहस्यपट' वाचून आलेला प्रेक्षक खुनी शोधायच्या तयारीनं बसतो, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याला शोधायला काही उरतच नाही. मग चांगला लघुपटही त्याला फसलेला वाटतो.

'रहस्य' हा शब्द संस्कृत 'रहस्' म्हणजे एकांत यावरून आला. एकांतात घडलं नि बाकीच्यांना कळलं नाही, ते रहस्य. म्हणून रहस्यपटात मुख्य गोष्ट प्रेक्षकापासूनच लपलेली हवी. 'थरार' हा थरथर, थरकाप यांच्या कुळातला. तो अंगाला जाणवतो. त्याला लपवाछपवीची गरज नाही. उलट खुनी आधी कळला, की तो आता सापडेल का ही धास्ती प्रत्येक प्रसंगात वाढत जाते.

रहस्यपटाचा चांगला नमुना आपल्या मराठवाड्यातल्या लोकांनीच दिलाय. औरंगाबादच्या 'जिगीषा' नाट्यसंस्थेतून पुढं आलेल्या चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९९ साली 'बिनधास्त' केला. लेखन अजित दळवी आणि प्रशांत दळवी यांचं. पडद्यावर सगळ्या स्त्रियाच, आणि खून कोणी केला हा प्रश्न शेवटाकडं जाईपर्यंत उघडा. प्रियदर्शन यांनी पुढच्याच वर्षी त्यावरून तमिळ चित्रपट केला.

थरारपटासाठी 'दृश्यम' पाहा. मूळ मल्याळम जीतू जोसेफ यांचा, २०१३चा. हिंदी निशिकांत कामत यांचा, २०१५चा. मृत्यू कोणाच्या हातून झाला ते आपल्या डोळ्यांदेखत घडतं. पुढचा सगळा ताण, हे कुटुंब पोलिसांपुढं टिकेल का, याचा. प्रेत कुठं आहे हे मात्र शेवटपर्यंत राखून ठेवलंय. म्हणजे थरारपटात रहस्य असू शकतं. नाव ठरतं ते कथेचा भार कशावर आहे त्यावरून.

तो भार तपासायची एक सोपी रीत आहे. खुनाचा प्रसंग उचलून मनातल्या मनात शेवटी ठेवा. कथा तरीही उभी राहिली तर ती रहस्यपटाची. तुमच्या लघुपटात मात्र तसं केलं, तर हा माणूस वह्या का बदलतोय हेच कळणार नाही आणि मधली सगळी दृश्यं निर्जीव होतील.

'गुन्हेपट' चूक नाही, पण फार ढोबळ आहे. त्यात वरचे दोन्ही प्रकार मावतात. त्याची घडण मात्र चोख आहे. फारसी 'गुनाह'वरून आलेला 'गुन्हा' समासात 'गुन्हे' होतो: गुन्हे शाखा, गुन्हे अन्वेषण विभाग. वर्तमानपत्रांत दिसणारा 'गुन्हेगारीपट' मी टोळ्या, हप्तेवसुली, वाळूचा काळा धंदा अशा विषयांसाठी राखून ठेवीन. एका माणसाच्या हातून झालेला एक खून म्हणजे गुन्हेगारी नव्हे.

'थरारकपट' मात्र अजिबात लिहू नका. कथेचा प्रकार सांगताना 'पट'ला बहुधा नाम जोडतात, जसं युद्धपट, भयपट. 'थरारक' हे विशेषण आहे. शिवाय वाचताना डोळा 'कपट' या अक्षरांवर अडखळतो. विशेषणच हवं असेल तर 'थरारक चित्रपट' असं सुटं लिहा.

पोस्टर छापायला जाण्याआधी आणखी तीन गोष्टी बघा. 'खुनी कोण?' ही ओळ टाकली असेल तर काढा. 'थरारपट' लिहून ती ठेवली तर पुन्हा तोच घोळ. श्रेयनामावलीत 'संपादन' नको, 'संकलन' हवं; संपादन वर्तमानपत्राचं किंवा ग्रंथाचं. आणि 'ध्वनिमुद्रण' लिहिताना 'नि' ऱ्हस्व ठेवा. सुटा 'ध्वनी' दीर्घ, पण समासात पहिला आला की मूळ संस्कृतातला ऱ्हस्व 'ध्वनि' कायम राहतो.