ऑर्डर तुम्ही घेतलीत, चित्र तिने काढायचं?

प्रश्न : मी खारघरला राहतो, माझा इंटिरिअरचा व्यवसाय आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. चित्रकला लहानपणापासून उत्तम, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. एका क्लायंटच्या हॉलसाठी तिच्याकडून मोठं ॲबस्ट्रॅक्ट करून घेतलं आणि ते सगळ्यांना आवडलं. तेव्हापासून सीवूड्स, खारघर, घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमधून मागणी सुरू आहे. पृथ्वी, जल, अग्नी अशी 'पंचतत्त्व' सिरीज आम्ही काढली आहे. माझ्या मते अमूर्त चित्राला ड्रॉइंग फारसं लागत नाही, कलर सेन्स लागतो, आणि तो तिला उपजत आहे. म्हणून चार वर्षं फाइन आर्टमध्ये घालवण्यापेक्षा आताच ब्रँड उभा करावा, असा विचार आहे. पण हल्ली ती टाळाटाळ करते, चिडते, वहीत खेकडे आणि झाडांची मुळं काढत बसते. दिवाळीच्या सुट्टीत ९ ऑर्डर होत्या, ५ झाल्या. एका क्लायंटने 'मळकट दिसतं' म्हणून चित्र परत केलं. दोन कॅनव्हासला तडे गेल्याचीही तक्रार आहे. तिचा फोकस कसा परत आणावा? आणि डिग्री घ्यावी की नको? फोटो सोबत जोडले आहेत.
एक पालक, खारघर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे येणारी पत्रं बहुतेक उलट असतात. मुलाला चित्रकार व्हायचं असतं आणि वडिलांना इंजिनिअर करायचा असतो. त्यामुळे तुमचं पत्र उघडलं तेव्हा बरं वाटलं होतं. एक बाप म्हणतोय की माझ्या मुलीने चित्रं काढावीत, यातच तिने नाव कमवावं. पण ९ ऑर्डरचा हिशोब आला आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. त्याआधीची शेवटची मोठी सुट्टी दिवाळीची. त्या सुट्टीत १७ वर्षांच्या मुलीने ५ मोठे कॅनव्हास पूर्ण केले, आणि तुम्ही मला विचारताय की उरलेल्या ४ चं काय झालं. या ऑर्डर घेताना तिला विचारलं होतं का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. क्लायंटला तारीख तुम्ही दिलीत, साइज तुम्ही ठरवलीत. सोफ्याचं कापड कुठल्या रंगाचं आहे ते बघून छटा तुम्ही सांगितल्यात. मुलीने फक्त रंग लावायचा. ती चिडते यात मला नवल वाटत नाही. तुमच्या साइटवरच्या सुताराला तुम्ही असं राबवलंत तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. तिला तीही सोय नाही, कारण ती राहते त्याच घरात.

फोटो मोठे करून पाहिले. पाचही चित्रांच्या उजव्या कोपऱ्यात तुमच्या फर्मचा सोनेरी शिक्का आहे. तिची सही एकाही चित्रावर नाही. करिअर तिचं म्हणताय ना? मग चित्राखाली नाव कुणाचं? आणि आलेले पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले? हे दोन प्रश्न मला डिग्रीच्या प्रश्नापेक्षा जास्त टोचले. संपूर्ण पत्रात तिच्या आईचा उल्लेख नाही आणि मुलीचं स्वतःचं एकही वाक्य नाही, हेही जाता जाता नोंदवते.

आता तुमचा समज : अमूर्त चित्राला ड्रॉइंग लागत नाही, शिक्षण लागत नाही. हा समज फार पसरलेला आहे, रील्सनी त्याला आणखी खतपाणी घातलंय, आणि तो साफ चुकीचा आहे. वासुदेव गायतोंडे यांचं नाव इंटिरिअरच्या व्यवसायात तुम्ही नक्की ऐकलं असेल, कारण त्यांच्या चित्रांच्या लिलावाच्या बातम्या येत असतात. धुक्यातून किंवा पाण्याखालून काहीतरी वर येतंय असं वाटायला लावणारे ते रंगांचे थर त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने लावले. पण त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली त्यांनी रीतसर डिप्लोमा घेतला होता, आणि सुरुवातीच्या काळात ते माणसांच्या आकृत्यांचीच चित्रं काढत होते. वर्षाकाठी त्यांची चित्रं मोजकीच व्हायची. तुम्ही मालिकेला 'पंचतत्त्व' नाव दिलंय, तर सय्यद हैदर रझांचं बघा. पंचमहाभूतं आणि बिंदू म्हटलं की त्यांचंच नाव पुढे येतं. वडील मध्य प्रदेशात वनखात्यात, त्यामुळे बालपण जंगलाच्या आसपास गेलं. आधी नागपूरला कलाशिक्षण, मग जे. जे., मग १९५० मध्ये पॅरिसला जाऊन पुन्हा विद्यार्थी. कित्येक वर्षं निसर्गचित्रं काढली, आणि बिंदू त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी आला तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. प्रभाकर बरवे तर आपल्या नागावचे. त्यांनी जे. जे.त शिक्षण घेतलं आणि मग वर्षानुवर्षं विणकर सेवा केंद्रात डिझायनरची नोकरी केली. पोट नोकरीवर होतं, म्हणून चित्राला गिऱ्हाइकाच्या तालावर नाचावं लागलं नाही. या तिघांनी आधी समोरची वस्तू हुबेहूब काढायला हात तयार केला आणि मग त्यातलं काय गाळायचं ते ठरवलं. जे कधी काढताच आलं नाही ते गाळणार तरी कसं?

सेन्सने काम भागतं म्हणता, तर मग ते तडे का गेले? फोटोत भेगा स्पष्ट दिसतायत. टेक्स्चरसाठी भिंतीची पुट्टी वापरली ना? तुमच्या गोदामात पोती पडलेली असणार, म्हणून हाताशी आली ती वापरली. पुट्टी भिंतीसाठी बनते. भिंत हलत नाही, ताणलेला कॅनव्हास हलतो. पावसाळ्यात सैल पडतो, कोरड्या हवेत ताणला जातो, गाडीतून नेताना दबतो, आणि वर बसलेला कडक थर तडकतो. त्यासाठी लवचीक राहणारी ॲक्रिलिक मॉडेलिंग पेस्ट मिळते, आणि फारच जाड थर हवा असेल तर कॅनव्हासऐवजी लाकडी पॅनल घेतात. 'अग्नी'वर लावलेला सोन्याचा वर्खही बहुधा पितळी असावा. त्यावर नीट वॉर्निश नसेल तर खाडीकाठच्या दमट, खारट हवेत तो काळा-हिरवा पडायला लागेल आणि आणखी एक तक्रार येईल. 'जल'वर रेझिन ओतलेलं दिसतंय. इपॉक्सी रेझिन उघड्या हाताने, बंद खोलीत वापरायची वस्तू नाही. त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की पुढे कायमची मागे लागते. तिला हातमोजे दिले होते का, खिडक्या उघड्या होत्या का, तेही जरा बघा. साहित्याचा हा अभ्यास चित्रकलेच्या शिक्षणाचाच भाग असतो. तुम्ही वाचवायला निघालेल्या चार वर्षांत मुलं हेसुद्धा शिकतात.

सजावटीची चित्रं विकणं कमीपणाचं आहे असं मी म्हणत नाही. तो सरळ धंदा आहे, खुशाल करा. ईशान्येच्या भिंतीला निळं, आग्नेयेला केशरी, सोफ्याला मॅच होणारं, हे करून देणारे चांगले कमर्शिअल आर्टिस्ट नवी मुंबईत मिळतील. त्यांना पैसे मोजा, तारीख घ्या, उशीर झाला तर बिलातून कापा. त्या कामाला बारावीची मुलगी जुंपू नका, आणि त्याला तिचं करिअर म्हणू नका.

आता वहीकडे येते. ती पानं तुम्ही वेळ वाया घालवल्याचा पुरावा म्हणून पाठवलीत. मी सगळ्यात जास्त वेळ त्याच फोटोंवर थांबले. तिवराची, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडाची, मुळं तिने चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली काढलीत, काही बोटभर, काही त्याहून उंच, आणि बाजूला लिहिलंय 'श्वासमुळं'. दुसऱ्या पानावर तिवराचंच पान आहे, वर ठिपके, आणि बाण काढून 'मीठ'. हे झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं, ते वाळून पानावर बसतं. तिने ते पाहिलंय. एका खेकड्याची डावी नांगी मोठी, खालच्याची उजवी, आणि दोघांपुढे 'नर'. एक नांगी अशी अवाढव्य असते ती या जातीतल्या नरांचीच. पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि ओहोटीची वेळ. हे टाइमपास करणाऱ्या मुलीचं काम नाही. रेषा अजून कच्ची आहे, शेडिंगमध्ये घाई होते, पण नजर पक्की आहे.

आणि ते मळकट म्हणून परत आलेलं चित्र. खाली करडा-तपकिरी जाड थर, मधे ओलसर चकाकणारा पट्टा, अगदी कडेला फिकट गुलाबीचा एकच फराटा. तुमच्या क्लायंटला ते आवडलं नाही, ठीक आहे, हॉल त्यांचा आहे. ओहोटीला ऐरोली पुलावरून ठाण्याची खाडी जशी दिसते, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दूर चिखलात उभे असताना, तसं ते आहे, आणि तरी त्यात ना पक्षी काढलाय ना पाणी. पाचांपैकी निसर्गातून आलेलं अमूर्त चित्र मला हे एकच वाटलं. बाकीची चार निळ्या-सोनेरी रंगाची आहेत, एवढंच त्यांच्याबद्दल म्हणता येईल. ते परत आलेलं चित्र पुन्हा रंगवून दुसऱ्या कुणाला देऊ नका. तिच्या खोलीत राहू द्या.

तर डिग्री घ्यावी का? तिला चित्रकार व्हायचं असेल तर हो, नक्की घ्यावी. तिला ते व्हायचंय का, हे मात्र तुमच्या पत्रावरून मला कळलेलं नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही अशी मला दाट शंका आहे. वह्या बघून माझा अंदाज असा की ती खाडीकडे ओढली गेलीय, आणि चित्र हे तिचं खाडी समजून घ्यायचं साधन आहे. अंदाज चुकू शकतो. पण पीसीबी घेतलेली मुलगी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून खेकडे काढते, तेव्हा वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रातली बी.एस्सी. या शक्यतेचा घरात एकदा तरी उच्चार व्हायला हवा होता. शास्त्रीय चित्रण हे खरंखुरं काम आहे. वनस्पती आणि प्राण्यांच्या नोंदींसाठी, फील्ड गाइडसाठी, निसर्ग माहिती केंद्रांसाठी चित्रकार लागतात. पगारी जागा थोड्या, बहुतेक काम सुटंसुटं मिळतं, म्हणून सोबत शास्त्राची पदवी असलेली बरी. उद्या ती खारफुटीवर संशोधन करेल किंवा पदवीनंतर चित्रकलेकडे वळेल. आज तिच्या हातात दोन्ही आहे. तुमचा ब्रँड मात्र दोन्ही काढून घेतोय.

परीक्षांची माहिती थोडक्यात : फाइन आर्टसाठी राज्याची एमएएच-एएसी सीईटी असते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान येतं, आणि तिथे ड्रॉइंगशिवाय गत्यंतर नाही. जे. जे. २०२३ पासून अभिमत विद्यापीठ आहे, त्यांचे नियम त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा. बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ स्वतःची चाचणी घेतं. डिझाइनकडे जायचं असेल तर आयआयटीची यूसीड आणि एनआयडीची प्रवेश परीक्षा आहे.

फोकस कसा आणावा, असं विचारलंत. तिचा फोकस शाबूत आहे, फक्त तुमच्या ऑर्डरींवर नाही. बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत घरातलं रंगकाम पूर्ण बंद. उरलेल्या ४ ऑर्डरींच्या क्लायंटना फोन तुम्हीच करा, तिला करायला लावू नका, आणि कारण सांगताना तिच्या आळसाचं नाव घेऊ नका. आतापर्यंत विकलेल्या चित्रांचा हिशोब काढून तिचा वाटा तिच्या नावच्या खात्यात टाका. पुढे कधी तिने आपणहून चित्र विकायला दिलंच, तर खाली तिची सही असेल.

परीक्षेनंतर एखाद्या सकाळी तिला घेऊन ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं आहे, खारघरहून लांब नाही. रोहित साधारण मेपर्यंत असतात. ओहोटी कधी आहे ते तिला विचारा, तिला ठाऊक असेल. तिथे एक पथ्य पाळा : 'याचा पुढे उपयोग काय' हा प्रश्न गाडीतून उतरल्यापासून परत बसेपर्यंत विचारायचा नाही. ती काय दाखवते ते बघा. खेकड्यांबद्दल काही विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा. प्रवेशाचा निर्णय त्यानंतर, तिच्या आईसकट तिघांनी बसून घ्या. तिला मला काही लिहायचं असेल तर तिने थेट लिहावं, तुम्ही वाचून मग पाठवू नये.

तडे गेलेल्या दोन कॅनव्हासचे पैसे क्लायंटना परत करा. पुट्टी तुमच्या गोदामातली होती. बदली चित्रं तिच्याकडून करून घेऊ नका.