भाऊ बेळगावजवळच्या खानापूरहून दुबईला एसीच्या कामाला जातोय. दहावी नापास आहे, कंबरदुखीच्या गोळ्या चालू आहेत. सोबत काय द्यावं, काय काळजी घ्यावी?

पहिल्यांदा बॅग उघडून बघा. मी नऊ वर्षं अबुधाबीत वायरमन होतो, आता बेळगावात असतो. माझ्या पहिल्या खेपेला आईनं अनारशांचा डबा भरला होता, वर नेहमीसारखी खसखस. निरोप द्यायला आलेल्या शेजाऱ्यानं, तो सौदीला राहून आलेला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "काकू, हे इथंच ठेवा." खसखस अफूच्या बोंडातली. अमिरातीत आणि सौदीत तिच्यावर बंदी आहे. पांढऱ्या रश्श्याचा घरचा मसालासुद्धा त्यामुळं नको. आई अजून म्हणते, चार दाण्यांनी कुणाचं काय बिघडतंय! पण कस्टमवाल्याला अनारसा काय ठाऊक?

गोळ्यांचंही तसंच. नस दबली की आपल्याकडं प्रेगाबालिन, ट्रॅमाडॉल सर्रास लिहून देतात. तिथं दोन्ही नियंत्रित औषधांत येतात, कोडीनचं खोकल्याचं औषधही. न्यायचीच असतील तर निघण्याआधी तिथल्या सरकारी वेबसाइटवरून परवानगी काढावी लागते. डॉक्टरांना विचारून आधीच दुसरं औषध बसवून घेतलं तर उत्तम, मनानं मात्र बंद करू देऊ नका. चिठ्ठी इंग्रजीत, सही-शिक्क्याची हवी आणि तिच्यावर गोळीच्या आतल्या औषधाचं नाव हवं. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टशी जुळतंय का बघा. कन्नड कागदावरून इंग्रजीत येताना आडनावाचं काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार!

आणि "माझ्या पोराला एवढी पुडी दे" म्हणून कुणी काही दिलं, तर समोर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये. वाईटपणा आला तरी चालेल.

एसीचं काम म्हणजे गच्चीवर, तेही ऐन उन्हाळ्यात. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला तिथं कायद्यानं बंदी आहे, पण सकाळी दहालाही जीव नकोसा होतो. आपल्या हवेतला माणूस पहिले आठ-दहा दिवस हमखास खचतो. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यावं, मधूनमधून ओआरएस. जोडीदार असंबद्ध बोलायला लागला तर त्याला सावलीत ओढून अंगावर पाणी ओतायचं आणि 998 ला फोन करायचा. ती अँब्युलन्स.

भाऊ दहावी नापास आहे म्हणता, म्हणजे पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असणार. मग परदेशी कामाला जायला आपल्या सरकारची मंजुरी घ्यावी लागते, आणि सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा अपघात विमा. एजंट "व्हिजिट व्हिसावर जा, नंतर बघू" म्हणाला तर सरळ उठून या. त्या व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा आहे.

निघायची तारीख तुम्ही लिहिली नाही. हातात असेल तर ऑक्टोबरनंतरची घ्या.