गोळी वाढली आणि माणूस गप्प झाला

"गोळ्या सुरू झाल्यापासून माणूस उदास झालाय, बंद करून टाकू का?" लातूरला समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. त्यातल्या एका घराची ही हकिकत, ओळख पटू नये इतकी बदललेली.

औशाकडचे एक शेतकरी, वय पन्नाशीचं. हंटिंग्टनच्या आजारानं, म्हणजे मेंदूच्या एका आनुवंशिक आजारानं, मान आणि हात आपोआप हलायचे. न्यूरोलॉजिस्टनी टेट्राबेनाझिन ही गोळी दिली, हालचाली आवरल्या.

"वाटण्या झाल्या तवापासून मालक तोंड फिरवून बसायलेत," पत्नी म्हणाल्या. "भावावरचा राग आमच्यावर काढायलेत."

"राग नाही, मॅडम. काही वाटतच नाही. माझ्यातच खोट हाय."

विचार बदलला की भावना बदलते, यावर माझा विश्वास आहे. तरी आधी शरीराचं ऐकून घ्यायचं, हा माझा शिरस्ता. मी दुधाचा हिशेब लिहिलेलं कॅलेंडर मागवलं. वाटण्या दिवाळीत झालेल्या. त्यानंतर संक्रांतीपर्यंत डेअरीला दूध घालायला रोज हेच गेलेले. मग एका चौकोनात 'गोळी वाढली'. दोन आठवड्यांनी डेअरीला 'बाळू गेला', आणि पुढे रोज बाळूच.

त्या बराच वेळ ते पान बघत राहिल्या. "म्हंजे हे रुसले नव्हते?"

त्यांनी मान वर केली. "मी सांगत होतो की गं."

एवढ्या एका वाक्यानं त्या घरातला आरोप गळून पडला. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते.

मग मी समजावलं. मेंदूच्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं बारीक पिशव्यांत साठवतात, कणगीत ज्वारी भरावी तसं. ही गोळी कणगीचं तोंड अडवते. बाहेर राहिलेला माल पेशीतलं एन्झाइम संपवतं आणि निरोप द्यायच्या वेळी साठा कमी पडतो. डोपामिन घटल्यानं हालचाली आवरतात, पण काहींचं मनही खचतं. हा आजारही उदासी आणतो, म्हणून निवाडा डॉक्टरांचाच.

"जीव नकोसा होतो का?" मी सरळ विचारलं. "कधी कधी." त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले. त्यांनी डोस उतरवला. काही आठवड्यांनी ते पुन्हा डेअरीला जाऊ लागले. हात थोडे हलतात, ते त्यांना चालतं.

गोळी मनानं बंद करू नका, हालचाली एका दिवसात परत येऊ शकतात. आणखी एक. या घरात दिरानं "त्यापेक्षा सर्पगंधा घ्या, झाडपाल्याची हाय" असं सुचवलं होतं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते कणगीचं हेच तोंड अडवतं, तेही जास्त चिवटपणे. टेट्राबेनाझिनचा असर उतरतो, रेसरपिननंतर पेशीला नव्या पिशव्या घडवाव्या लागतात. तेव्हा चूर्ण, काढा, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगा, आणि डोस कधी बदलला व मन कधी बदललं, या दोन्ही तारखा लिहून न्या. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.