शोपँचा प्रील्यूड: आधी डावा हात ऐका

हार्मोनियमवरून पियानोकडे आलात, तेव्हा कान सुरावटीकडे धावणारच. पण पोलिश संगीतकार शोपँच्या ई मायनर प्रील्यूडमध्ये (प्रील्यूड म्हणजे छोटी रचना; ओपस म्हणजे रचनासंच 28, क्रमांक 4, प्रकाशन 1839) उजवा हात सुरुवातीला बी आणि सी या दोनच स्वरांत घुटमळतो. खरा प्रवास डाव्या हातात आहे.

पहिल्याच कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) तळाशी मूळ स्वर ई नाही, जी आहे. म्हणून सुरुवातीपासून पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत. तिथून स्वर बहुतेक अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली सरकतात, पण सगळे एकदम नाही. कधी एक हलतो, कधी दोन, बाकीचे थांबतात. त्या थांबण्यातूनच हुरहूर येते. मधल्या प्रत्येक कॉर्डला नाव देण्याच्या मागे इतक्यात लागू नका. डावा हात एकटाच, सावकाश वाजवा आणि दर बदलाला कोणतं बोट हललं तेवढं पेन्सिलीने लिहा.

शेवटाकडे तळाला बी फ्लॅट (बी च्या लगेच खालचा स्वर) येतो आणि मग विराम. तो पूर्ण घ्या, घाई अजिबात नको! नंतर तळ बी वर सरकतो आणि शेवटच्या कॉर्डला ई मायनर खालच्या ई वर ठाम बसतो. हा शेवट अगदी हळू आवाजात आहे, तेव्हा दादर-चर्चगेट लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकू नका, रात्री घरी ऐका.