वाचकांचे प्रश्न : रोबोटिक्सचा उद्योग एखाद्या भागात रुजतो कसा?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझे सुटे भाग बनवण्याचे छोटे युनिट आहे. रोबोटिक्सवरील परिसंवादांना आणि प्रदर्शनांना मी नेमाने जातो. व्हिजिटिंग कार्डे पुष्कळ जमली, काम मात्र हाती लागले नाही. परस्परसहकार्यातून एखाद्या भागात हा उद्योग उभा राहतो, असे प्रत्येक वक्ता सांगतो. तसे खरोखर कुठे घडले आहे का? (एक लघुउद्योजक, पुणे)

उत्तर : घडले आहे, आणि तेही पुण्याच्या मानाने अगदीच लहान गावी. डेन्मार्कमधील ओडेन्स हे जेमतेम दोन लाख वस्तीचे शहर. आज रोबोटिक्स आणि ऑटोमेशनच्या शंभराहून अधिक कंपन्या त्याच्या आसपास आहेत. त्यांचे मूळ मात्र परिसंवादात नाही, वेल्डिंगच्या एका अडचणीत आहे.

शहराजवळ लिंडो येथे मर्स्क समूहाचा जहाजबांधणीचा प्रचंड कारखाना होता. मोटारीच्या कारखान्यात एकच सांधा दिवसभर जोडायचा असल्याने रोबोटला एकदा शिकवले की भागते. जहाजाचे पोलादी भाग मात्र एकासारखे दुसरे नसतात, शिवाय कप्पे इतके अरुंद असतात की तिथे माणसालाही अवघडून काम करावे लागते. अशा कामासाठी तयार रोबोट बाजारात मिळत नव्हता, म्हणून कारखान्याने विद्यापीठातील संशोधकांना हाताशी धरले. १९९७ मध्ये याच समूहाच्या न्यासाने दिलेल्या देणगीतून ओडेन्सच्या विद्यापीठात समूहाचे प्रमुख मर्स्क मॅक-किनी मोलर यांच्या नावाची संशोधन संस्था सुरू झाली. पुढे त्या विद्यापीठातील तीन तरुण संशोधकांनी २००५ मध्ये ‘युनिव्हर्सल रोबोट्स’ ही कंपनी काढली, आणि माणसाच्या शेजारी उभा राहून काम करणारा, हलका, चटकन शिकवता येणारा त्यांचा पहिला रोबोट २००८ च्या अखेरीस डेन्मार्कमधीलच एका पुरवठादार कंपनीने विकत घेतला. पुढच्याच वर्षी लिंडोचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि २०१२ मध्ये तिथून शेवटचे जहाज बाहेर पडले. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, परंतु ऑटोमेशन जाणणारे अभियंते त्याच परिसरात राहिले.

यापुढचा भाग आपल्याकडच्या व्याख्यानांत सहसा गाळला जातो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या टेराडाइनने युनिव्हर्सल रोबोट्स २८.५ कोटी डॉलरला विकत घेतली, आणि त्या व्यवहारात ज्यांच्या हाती पैसा आला, त्यांपैकी काहींनी तो पुन्हा ओडेन्समध्येच गुंतवला. कंपनीचे माजी प्रमुख एन्रिको क्रोग इव्हर्सन यांनी रोबोटच्या हाताला लागणारी साधने बनवणाऱ्या ‘ऑनरोबोट’ची धुरा घेतली, त्यांचे जुने सहकारी थॉमस व्हिस्टी हे कारखान्यात मालाची ने-आण करणारे फिरते रोबोट बनवणाऱ्या ‘एमआयआर’चे प्रमुख झाले आणि तीही २०१८ मध्ये टेराडाइनकडे गेली. संघटना, मेळावे आणि नगरपालिकेचे पाठबळ तिथेही होते आणि त्यांची किंमत मी कमी लेखत नाही. पण त्या ओळखींना अर्थ आला, तो एका ठोस कामावर एकत्र घाम गाळलेल्या माणसांमुळे.

आता तुमच्या युनिटचे काय? ओडेन्सचा धागा तुमच्या दारापर्यंत आलेलाच आहे. बजाज ऑटोने २०१० पासून युनिव्हर्सल रोबोट्सचे यंत्रहात वापरायला सुरुवात केली आणि चाकणच्या कारखान्यात अशा रोबोटांची संख्या शंभराच्या पुढे गेली. या कंपनीच्या पाच किलो उचलणाऱ्या यूआर-५ या हाताच्या मनगटाची चकती पाहा : ५० मिलिमीटर पिच सर्कलवर (म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळावर) एम-६ बोल्टची चार भोके, आणि ही मापे आयएसओ मानकात जाहीर आहेत. याचा अर्थ असा की त्यावर बसणारा ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा), त्याची बोटे किंवा भाग पकडणारे फिक्स्चर कोणीही बनवू शकतो; त्यासाठी रोबोट बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागत नाही. पुढच्या प्रदर्शनात कार्डे वाटण्यापेक्षा रोबोट बसवून देणाऱ्या दोन-तीन इंटिग्रेटरना गाठा आणि कोणत्या भागासाठी त्यांना वारंवार परगावाहून ग्रिपर मागवावा लागतो, एवढेच विचारा. एक नमुना स्वखर्चाने बनवून त्यांच्या लाइनवर चालवून दाखवलात, तर ती ओळख टिकेल. शक्य असल्यास जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाला त्या चाचणीलाच बोलवा. उद्घाटनाला बोलवण्यात फारसे हशील नाही.

प्रश्न : सहकार्य म्हणून दारे उघडली, तर आमची शिकवून तयार केलेली मुले शेजारची कंपनी पळवील आणि डिझाइनही बाहेर जाईल. त्याचे काय? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मुले जातील, ओडेन्समध्येही ती गेली आणि तिथल्या कित्येक कंपन्या अशाच लोकांनी काढल्या. अर्थात डेन्मार्कमध्ये नोकरी सुटलेल्याला बेकारी भत्त्याचा भक्कम आधार असतो, त्यामुळे तिथे नोकरी सोडून नवे काही काढणे आपल्याइतके जिवावरचे नाही, हा फरक ध्यानात ठेवूनच तुलना करावी. डिझाइनबद्दल मात्र भीड बाळगू नका. ग्राहकाच्या भागाचे ड्रॉइंग आणि तुमची घडण्याची पद्धत घरातच ठेवा; जोडणीची मापे, चाचणीची साधने आणि महागडे मोजमापयंत्र वाटून घ्यायला हरकत नाही. दोघांनी मिळून काही बनवायचे ठरले, तर काम सुरू होण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर आणा : डिझाइनची मालकी कोणाची, आणि लाइन बंद पडल्यावर रात्री दोन वाजता कोणी जायचे. भांडणे बहुधा दुसऱ्या मुद्द्यावरून होतात.