नोकरी सांभाळून रोज अर्धा तास मिळतो. देशातल्या आणि जगातल्या उद्योग-बाजाराचं नेमकं काय वाचावं?

शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवणार असाल तर हे उत्तर तुमच्यासाठी. रोज खरेदी-विक्री करणाऱ्याचं वाचन वेगळं असतं.

सकाळी दहा मिनिटं पुरेत. ब्रेंट तेलाचा (जगभर कच्च्या तेलाचा मापदंड) भाव, डॉलरचा भाव आणि अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा, हे तीन आकडे बघा. आपलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, म्हणून पहिल्या दोघांचा भार रंग, टायर आणि विमान कंपन्यांच्या नफ्यावर पडतो. गिफ्ट निफ्टी (निफ्टीचा गुजरातच्या गिफ्ट सिटीत चालणारा वायदा) सकाळी साडेसहालाच सुरू होतो, पण बाजार कुठे उघडेल एवढंच तो सुचवतो; तुम्हाला त्याचा उपयोग नाही. मग कुठल्याही एका अर्थविषयक दैनिकातलं कंपन्यांचं पान. 'नफावसुलीमुळे सेन्सेक्स घसरला' अशा बातम्या खुशाल सोडा, त्यातलं कारण बहुतेकदा बाजार बंद झाल्यावर शोधलेलं असतं.

उरलेली वीस मिनिटं संध्याकाळी मूळ कागदांना द्या. खरं शिक्षण इथेच होतं. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून तिच्या घोषणा उघडा. तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वर्षाचे ६० दिवसांत जाहीर करावे लागतात, त्यामुळे त्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ढीग पडतो. आधी स्वतःकडच्या कंपन्या वाचा.

निकालात 'कन्सॉलिडेटेड', म्हणजे उपकंपन्यांसह एकत्रित तक्ता घ्या. नुसत्या मूळ कंपनीच्या तक्त्यात उपकंपन्यांचा तोटा दिसत नाही. विक्रीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. एसी किंवा खतांच्या कंपनीत मागच्या तिमाहीशी केलेली तुलना हमखास फसवते. नफा एकदम वाढलेला दिसला तर 'इतर उत्पन्न' आणि 'अपवादात्मक बाबी' या ओळी तपासा, जमीन विकून आलेला पैसा तिथे सापडतो. तक्त्याखालच्या बारीक टिपा सोडू नका. सप्टेंबर आणि मार्चच्या निकालात रोख प्रवाहाचा तक्ताही असतो. नफा वाढतोय, ग्राहकांकडची येणी त्याहून वेगाने फुगतायत आणि धंद्यातून रोकड येत नाही, असं दिसलं तर तिथे थांबून नीट वाचा. विश्लेषकांशी झालेल्या कॉन्फरन्स कॉलची प्रत मिळते, तिच्यात प्रश्नोत्तरं आधी वाचा. एकच प्रश्न दोघा-तिघांनी विचारूनही आकडा मिळाला नसेल तर तीच त्या तिमाहीची मुख्य बातमी.

'५०० कोटींचं कंत्राट' अशी घोषणा आली की कंपनीची वार्षिक विक्री किती, काम किती वर्षांत पुरं करायचंय, आणि हातात करार आहे की नुसतं इरादापत्र, हे बघा.

परदेशी गुंतवणूकदारांच्या खरेदी-विक्रीचा संध्याकाळचा आकडा तात्पुरता आणि फक्त रोख बाजाराचा (वायदे सोडून) असतो. एनएसडीएल या डिपॉझिटरीच्या (शेअर डिजिटल रूपात सांभाळणारी संस्था) आकड्यात आयपीओतली खरेदीही धरलेली असते, म्हणून दोन्ही जुळत नाहीत.

महागाईचा आकडा साधारण दर महिन्याच्या १२ तारखेला येतो. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण साधारण दोन महिन्यांनी, सकाळी दहाला. अमेरिकेच्या फेडचा (तिथली मध्यवर्ती बँक) व्याजदराचा निर्णय वर्षातून आठदा, आपल्याकडे रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला; जागू नका, सकाळी निवेदन वाचा. मागच्या निवेदनाशेजारी ठेवलंत की बदललेले शब्द लगेच दिसतात.

रविवारी सवड असेल तर एक वार्षिक अहवाल घ्या, आणि सुरुवात लेखापरीक्षकाच्या अहवालापासून करा. पुढे संबंधित पक्षांशी (प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या कंपन्या) झालेले व्यवहार आणि संभाव्य देणी (दावे, हमी यांतून पुढे अंगावर येऊ शकणारी). अध्यक्षांचं पत्र सगळ्यात शेवटी.